लाल बादली

कुस्तास पुढे, मी दहा पावलं मागे.
दोघांचा भार एका जागी पडू द्यायचा नाही,
हे सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं,
आशीर्वाद द्यावा तसं.

त्यांच्या हातात पहार.
प्रत्येक पावलाआधी एक घाव.
जानेवारीत पेइपसी तलाव ठण्ण वाजायचा.
आज मार्च संपत आलाय, आणि आवाज येतो
धप्,
ओल्या पोत्यावर कुणी बुक्की मारावी तसा.

"जाडी विचारू नकोस," ते म्हणतात.
"हातभर आहे. हातभर आहे म्हणूनच माणसं फसतात."
बर्फाचा एक तुकडा मुठीत दाबतात,
तो उभ्या काड्या-काड्यांनी सुटतो.
"बघ. उन्हानं दोर सोडलाय.
मोळी अजून उभी आहे, इतकंच."

माझ्या गळ्यात दोरी,
दोरीच्या टोकांना लाकडी मुठीत ठोकलेले दोन खिळे.
मंगळवारी धार लावून दिली त्यांनी, जेवणाच्या टेबलावर,
कांद्याच्या सालांमध्ये.

पाण्यात पडलं की पोहता येतं
हे उन्हाळ्यातलं शहाणपण.
इथे पहिल्यांदा श्वास जातो.
तो परत येईतो धडपडायचं नाही.
मग आलीस त्या वाटेकडेच तोंड कर,
तिथल्या बर्फानं तुला एकदा तोललेलं असतं.
खिळे रोव. पाय मार, माशासारखे.
वर आलीस तरी उभी राहू नकोस,
लोळत जा.
लाज किनाऱ्यावर गेल्यावर.

एवढं ते वर्षभरात बोलत नाहीत.

आणि मग मासे.
असे कधी लागले नव्हते,
पट्टेरी पर्च, एकामागून एक,
गळ खाली जायचा अवकाश.
लाल बादली अर्धी भरली, मग पाऊण.
भोकाच्या कडेला साचलेलं पाणी
गुळगुळ करत आत ओढलं जात होतं,
मी ते ऐकत होते, आणि ऐकत नव्हते.

वारा गावाकडून आला तेव्हा
कुस्तासांच्या दोरीला मासा होता.
त्यांनी दोरी कापली.
त्याच क्षणी किनाऱ्यावर अव्दोत्या
तांब्याचं घंगाळ बडवायला लागली.
तिचा सावेली गेला त्या दुपारी
कुणीच काही बडवलं नव्हतं.
तेव्हापासून मार्चभर ती
घंगाळ आणि लाटणं घेऊन खिडकीत बसते.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात.
इथे जमीन नव्हतीच.
किनारा आणि आमच्यामध्ये एक काळी रेघ होती,
आम्ही पोचेपर्यंत ती वीतभर झाली,
मी बादली ओढत आणेपर्यंत हात-दीड हात.

"राहू दे."
"अठ्ठावीस आहेत."
"राहू दे म्हटलं ना."

ढकलगाडी रेघेवर आडवी टाकली.
मी तिच्यावरून पोटावर सरपटत गेले,
तोंडासमोर पाणी, शांत,
कुणाचंच वैर नसलेलं.
मग ते.
त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, बाहेर आला,
बुटातलं पाणी त्यांनी ओतलं
चहाचा गाळ ओतावा तसं,
आणि काही बोलले नाहीत.
रात्रभर मात्र त्यांचा हात थरथरत होता.
चमचा बशीवर वाजत होता, आम्ही दोघंही
तो ऐकू येत नसल्यासारखे जेवलो.

तीन दिवस बादली खिडकीतून दिसत होती.
बर्फाच्या तराफ्यावर, पूर्वेला, परक्या देशाच्या दिशेनं जाणारी,
भोवती सीगल पक्ष्यांची पंगत.
मला राग यायचा. खरं सांगते,
भीतीच्या आधी रागच आला,
अठ्ठावीस पर्चचा.
चौथ्या सकाळी सगळं निळं होतं.
कुठे काही मोडल्याची खूणसुद्धा नाही.
तेव्हा मी खुर्चीवर बसले.

मे महिन्यात नवी बादली आणली. हिरवी.
कुस्तासांनी ती उलटी केली,
बुडावर बोटानं वाजवून पाहिली,
कान लावून.

"ठीक," म्हणाले.