साडेसतरा वेढे

रूपर्ट गावाबाहेर, बटाट्यांच्या जुन्या कोठारात
आता चिकणमातीचा ट्रॅक आहे.
काल रात्री लव्हेलनं मातीवर साखरेचं पाणी शिंपडलं,
टायरांनी पकड धरावी म्हणून.
बीटची साखर, इथलीच.
सकाळी दार सरकवलं तर
गार बटाट्यांचा आणि पाकाचा वास.

मी तपासणीच्या टेबलाशी.
आठवडाभर शेतपंपांच्या मोटारी भरतो,
जळक्या तारा उपसून नव्या गुंडाळतो,
म्हणून शनिवारी ही खुर्ची माझी.
पुढ्यात येतात त्या मोटारी अंड्याएवढ्या.

इथं माणसांची प्रतवारी वेढ्यांवरून:
तांब्याची तार लोखंडाच्या दाताभोवती
किती वेळा फिरली.
साडेसतरा, शिकणाऱ्यांसाठी आणि माझ्या वयाच्यांसाठी.
साडेतेरा, ज्यांना घाई झालीय.
साडेसहा, तिथं बोटाला चुकायची मुभा नाही.
वेढे जितके कमी तितकी गाडी सुसाट.
नवख्याला हे उलटं वाटतं.
जुन्यालाही वाटतं, तो बोलत नाही.

आणि हा अर्धा वेढा कसला?
दर वर्षी एखादं पोर विचारतंच.
मी सांगतो, जी तार गेली
आणि परत आली नाही,
ती अर्धी.

आज प्रादेशिक स्पर्धा. चार राज्यांचे लोक.
माँटानाची व्हॅन रात्रभर बर्फातून आली,
ड्रायव्हर अजून बूट घालून झोपलाय.
साडेसतराला सहा नावं लागतात,
नाहीतर वर्गच भरत नाही.
पाच होती.
सहावं टेव्हिननं घातलं,
माझ्या बहिणीचा नातू, वय पंधरा.

आणि तोच जिंकला.
तिसऱ्या उडीवर सगळे हवेत लांबत होते,
हा बुटका उडाला, लवकर टेकला,
आतल्या कडेनं निघून गेला.
लव्हेल माइकवर ओरडत होता.
मीही ओरडलो. तपासनिसानं ओरडू नये.

मग मोटर टेबलावर आली, चटका देणारी.
तापलेलं तांबं विजेला जास्त अडवतं;
गरम असताना मोजली तर
कुठलीही मोटर सज्जन ठरते.
नियम सांगतो, गार होऊ द्या.
लोखंडी पाटावर ठेवली.
वीस मिनिटं.
एवढा वेळ मी एखाद्या वस्तूकडे
नुसता बघत बसल्याचं आठवत नाही.

मीटर लावला. आकडा खाली.
तारा पुसल्या, पुन्हा लावला. खालीच.
एल्कोच्या इदोया अरिएताची मोटर आधीच तपासली होती,
तिचा आकडा जिथल्या तिथं.
ती पलीकडे उभी, हात खिशात,
उगाच छताकडे बघत.

"बॉइसीच्या माणसाकडून जुनी घेतली," टेव्हिन म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.
"त्यानं साडेसतरा सांगितलं."
वर लेबलही तेच होतं.
मी वहीत आकडा लिहिला,
सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

जिंकलेला असो, बाद झालेला असो,
आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीत
उलट्या गाड्या सरळ करायला उभं राहायचं.
हा आमचा सगळ्यांत जुना कायदा.
भगव्या जॅकेटमध्ये तो तिसऱ्या उडीपाशी गेला.
जॅकेट गुडघ्यापर्यंत.

इदोया साडेतेरातही धावते.
चौथ्या फेरीत तिची गाडी त्याच्याच पायाशी उताणी,
चाकं हवेत भिरभिरत.
मी मीटर खाली ठेवला.
तो वाकला, उचलली,
येणाऱ्या दोन गाड्या जाऊ दिल्या,
आणि तोंड बरोबर दिशेला करून
ठेवली. टाकली नाही, ठेवली.

रात्री परतताना दोन्ही बाजूंना
शेतातले पाण्याचे लांब पाइप बर्फात उभे.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"आता ही मोटर कशाच्या कामाची?"
म्हटलं, साडेतेरात चालेल की.
तिथं सगळ्यांत हळू असेल,
पण कायदेशीर.

तो हसला असावा.
काचेवर वाफ आली होती.