चौतीस खिळे

जूनमध्ये वर्गाच्या मागच्या भिंतीला
मी चौतीस खिळे ठोकले.
हातोडी सोपानच्या बापाची, खिळे माझ्या पैशाचे,
एक घाव माझ्या अंगठ्यावर.
खिळ्याला ब्रश, ब्रशला चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर नाव.
हेडसर म्हणाले, बाई, हे अभ्यासक्रमात नाही.
म्हटलं, सर, दाढ ठणकली की अभ्यासक्रमही नाही.

तसं याआधी घासत नव्हते असं नाही.
अंगद कोळशानं, तय्यब नुसत्या बोटानं,
शिवकन्याची आई तव्यावर मिसरी भाजायची
आणि त्यातलीच चिमूट
लेकीच्या तळहातावर ठेवायची.
"हिरड्या घट्ट व्हत्यात, बाई," म्हणाली
आणि हसली, तेव्हा
समोरचे दोन नव्हते.

प्रार्थना झाली की हौदापाशी रांग.
पाणी टँकरचं, माणशी एक पेला,
चूळसुद्धा कडुनिंबाच्या आळ्यात टाकायची.
वर, खाली, आतून, मागच्या दाढा,
मी शिट्टी वाजवायची.
पहिल्या आठवड्यात निम्म्यांनी पेस्ट गिळली.
अंगदनं तर घरी नेऊन
शिळ्या भाकरीला लावून पाहिली.

ऑगस्टात धारूरहून डॉक्टर आले.
हातात टॉर्च, एक चपटा चमचा.
विहिरीत डोकावावं तसे
एकेका तोंडात डोकावले.
एका वर्गात बावीस किडलेल्या दाढा.
मी म्हटलं, दुधाच्याच आहेत, पडतील.
ते म्हणाले, पडेपर्यंत जेवायचं कशानं?

फाटकाबाहेरची टपरी मात्र हटत नाही.
रुपयाला एक गोळी, जीभ निळी करणारी.
मधल्या सुट्टीनंतर मी निळ्या जिभा मोजते,
कधी रागावते, कधी मोजायचंच सोडते.
एकदा मीही घेतली एक.
चांगली लागते.

दसरा झाला. पारापाशी ट्रक लागले.
भांडी चढली, कोंबड्या चढल्या,
लेकरं सगळ्यांत शेवटी, गाठोड्यांवर.
शिवकन्या पळत वर्गात आली.
"आमी चाललाव, बाई. माझा ब्रश नेऊ का?"
एकोणीस जणांतली
ती एकटीच आली मागायला.

मग हिवाळाभर मला हजेरीपट लागला नाही.
ओला ब्रश म्हणजे हजर,
कोरडा ब्रश म्हणजे फडात.
अठरा कोरडे ब्रश आणि एक मोकळा खिळा.
सकाळी खडू हातात घेतला
की पाठीला जाणवायचे.
तिकडं ऊस दातांनीच सोलायचा,
रस हनुवटीवर वाळायचा,
आणि झोप यायची घासायच्या आधी.

एप्रिलमध्ये ती परतली,
वीतभर उंच, उन्हानं रापलेली.
ब्रश पुढं केला. केस चारी दिशांना फाकलेले,
झिजलेल्या केरसुणीसारखे.
"चौघं घासायचो, बाई, ह्यानंच.
मी, गोट्या, आन् मुकादमाच्या दोघी."
एक ब्रश चौघांत? मी तोंड उघडलं,
तेवढ्यात तिनं काडेपेटी काढली.

आत गोट्याचा दात.
ज्वारीच्या दाण्याएवढा, तितकाच पांढरा.
"तिकडं कोपीवर पाचट. टाकला तर
वाजंनाच. उंदराला कसं कळावं?
म्हून जपून आणला."

गोट्या तिच्या मागं उभा,
खिडकी पडलेलं तोंड मिटून.
त्यानं काडेपेटी घेतली, डोळे झाकले,
शाळेच्या पत्र्यावर भिरकावलं.
टण्.
दात घरंगळत पन्हाळीपर्यंत आला
आणि तिथंच थांबला.
आम्ही तिघं वर बघत राहिलो.

जूनमध्ये गोट्या पहिलीत येईल.
सोपानचा बाप अजून कर्नाटकात, हातोडी कुलपात.
पस्तिसावा खिळा
मी दगडानं ठोकला.