वीस लिटर

गाडीचं मागचं दार दोरीनं बांधलेलं असतं.
आत एक घर, घडी घातलेलं,
दोन खुर्च्या, तीन टोप्या, एक खोटी खिडकी,
आणि आम्ही पाच जण, गुडघ्याला गुडघा.
बाहेर पातागोनिया. म्हणजे वारा.
म्हणजे काटेरी झुडपं, तारेचं कुंपण, परत वारा.

मी प्रॉम्प्टर.
सगळ्यांची वाक्यं मला पाठ, माझं स्वतःचं एकही नाही.

नेलिदा पोस्टात होती.
तीन आठवड्यांची रजा टाकून आली,
ती रजा एकोणीस वर्षं संपलेली नाही.
विचारलं तर म्हणते, तिथे लोक पत्र घ्यायचे आणि निघून जायचे.
उघडतानाचा चेहरा कधी बघायला मिळायचा नाही.

लाउतारोला समुद्र बघायचा होता,
आमची गाडी त्या बाजूला चालली होती, इतकंच.
समुद्र आला, बघून झाला,
पोरगा उतरलाच नाही. आता दिवे तोच लावतो.

ओस्वाल्दो मालक. वहीत आकडे मांडतो
आणि दर गावात सांगतो, हा शेवटचा दौरा.
आमचा पडदा त्याच्या बैठकीच्या खोलीतला.
घर गेलं, बायको गेली, पडदा तेवढा राहिला,
एका कोपऱ्यात कधीचा तरी कॉफीचा डाग.

आणि एउसेबियो.
एउसेबियो बोलताना अडखळतो.
पाव मागताना, रस्ता विचारताना, स्वतःचं नाव सांगताना.
फक्त उजेडात उभा राहिला की जीभ सुटते.
त्या दोन तासांसाठी
उरलेले बावीस तास तो गाडीत बसून काढतो.

लास लेचुसासला लोकर कातरायच्या शेडमध्ये प्रयोग होता.
अकरा माणसं, एक कुत्रा.
दुसऱ्या अंकात वीस वर्षांनी नवरा परत येतो,
दारात उभा राहतो, विचारतो, मला ओळखलंस का?
एउसेबियो दारात आला आणि जनरेटर बंद पडला.

काळोखात रंगमंच कुठे संपतो ते कळत नाही.
त्याला बहुधा वाटलं, संपला.
म... म... म्...
मी लोकरीच्या गठ्ठ्यांमागून वाक्य पुरवलं.
परत पुरवलं. मूर्खच मी.
वाक्य त्याला येत होतं.
पत्र्यावर वारा आपटत होता, आणि तो त्या एका अक्षराच्या दाराशी.

कोणी हसलं नाही.
पुढच्या बाकावरून एक म्हातारा कातऱ्या म्हणाला,
सावकाश, बाबा. वीस वर्षं झालीत.

मग तो बोलला. तुकड्यातुकड्यांनी,
ओल्या लाकडाला विस्तव लागावा तसा.
नेलिदाचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही.
त्या रात्री ते इतका वेळ आलं नाही
की मी तिलाही पुरवायला गेले, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
ती विसरली नव्हती.

बिदागी म्हणून अर्धा मेंढा मिळाला आणि एक बऱ्यापैकी टायर.

पुढच्या गावात उजेड होता, चाळीस खुर्च्या होत्या.
एउसेबियो मुद्दाम अडखळायला गेला.
जमलं नाही.
वाक्य धुतल्यासारखं स्वच्छ आलं आणि निघून गेलं.
ओस्वाल्दो म्हणाला, आज छान झालं.
एउसेबियोनं ताटाला हात लावला नाही.

आज सकाळी पेट्रोल पंप.
तो टोपी धरून वाऱ्यात उभा,
पंपावरची मुलगी नळी हातात घेऊन वाट बघतेय.
वी... वी...
मागच्या सीटवर माझे ओठ आपोआप हलायला लागतात.
नेलिदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवते.
लाउतारो काच अर्धी खाली करतो, ऐकू यावं म्हणून.
आम्ही थांबलोय.
गाडी वाऱ्यानं हलतेय.