सहा नंबर

मेडिकल चौकातलं दंत कॉलेज,
तिसरा मजला, खुर्ची अकरा.
मे महिना. कूलर गरम हवाच फेकतोय
आणि ओजस धकाते, वय सात,
तोंड उघडायला तयार नाही.

"दुधाचीच आहे ना मॅडम, पडूनच जाईन.
कायले भरता?"
मंदाबाई गोळीबार चौकातून आल्यात.
संत्रागोळ्या कागदात गुंडाळायच्या,
किलोमागे पैसे.
बोटांच्या पेरांवर पिठीसाखर अजून तशीच.

नाही हो. ही सहा नंबरची.
सगळ्यांच्या मागे, अंधारात, सहाव्या वर्षी येते,
तिच्यासाठी कुठलाच दात हलत नाही,
कुणी कौलावर काही भिरकावत नाही,
उंदराकडे नवा मागत नाही.
आली, हेच घरात कुणाला कळत नाही.
आणि मग तीच
आयुष्यभराच्या भाकरी चावायची असते.

"बरं, मंग किडा दाखवा."
त्यांच्या आईने पाहिला होता, पवनीच्या बाजारात:
रिंगणीच्या बियांची धुरी, तोंडाशी नळी,
वाटीतल्या पाण्यात पांढरं, वळवळतं काहीतरी.
ते बियांमधलेच कोंब असतात, मी सांगते.
त्या माझ्याकडे बघत राहतात,
जणू मी त्यांच्या आईला खोटं पाडलं.

मी काय दाखवणार?
माझ्याकडे एक एक्स-रे, एक पेन.
केसपेपरच्या मागे दाढ काढते.
गोळी तोंडात गेली की
दातावरच्या जंतूंची पंगत बसते,
उठताना आंबट सांडून जातात.
अर्धा तास दात थोडा थोडा विरघळतो.
मग लाळ येते, गवंड्यासारखी,
भिंत लिंपायला.

"अन् गवंडी लिंपूनच राहिला,
तेवढ्यात दुसरी गोळी खाल्ली तं?"

ओजस विचारतो.
तोंड उघडलं ते असं.

किती खाल्ल्या याचा नाही,
किती वेळा खाल्ल्या, याचा हिशोब असतो, बाळा.
मंदाबाई हळू म्हणतात,
"तुटक्या गोळ्या शेठ मोजत नाही.
तो बाजूले बसते माह्या, दिवसभर.
एक एक देत राहतो मी.
रडू नये म्हणून."

यावर पुस्तकात काही नव्हतं.

मी खरवडत गेले. मऊ, तपकिरी,
ओल्या पुठ्ठ्यासारखं निघत होतं.
नसेच्या अलीकडे कागदाएवढी भिंत उरलेली.
पुरली.
भरली दाढ. बाकीच्या तीन सहा नंबरांच्या
खाचा बुजवल्या, आत्ताच.
रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या,
वाटाण्याएवढी पेस्ट,
नुसतं थुंकायचं, चूळ नाही भरायची.
गोळी द्यायचीच तर जेवणासोबत, एकदाच.

माझी जीभ तेवढ्यात
डावीकडच्या रिकाम्या जागेत जाऊन आली.
भिवापूर, मी नऊ वर्षांची,
मिरचीच्या पोत्यांवरून उतरून आलेले बाबा
डॉक्टरला म्हणाले, काढून टाका,
दुधाचीच आहे.
त्यांच्या हातांच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं होतं.
मिरचीचंच असेल.

ओजस उतरला. नवी दाढ जिभेने चाचपतोय,
"खरखर लागते बे," स्वतःशीच.
मंदाबाईंनी केसपेपर घडी करून
ब्लाउजात खोचला,
चित्राची बाजू आत.
दारापर्यंत गेल्या, परत आल्या,
पदर तोंडावरून जरासा बाजूला.

"माह्या बी पाहून देता का?
भाकर एकाच बाजूनं खातो मी,
लई वर्षं झाले."

बाहेर अजून सतरा नंबर बसलेले.
मी दिवा खाली ओढला.