वार्षिक सभा, मकरपुरा

यंदा पाकिटात लीला चिवडा अर्धाच.
दांडिया बाजारचे सुळे म्हणाले, हाच खरा ताळेबंद,
बाकी पुस्तकात नुसता गुळगुळीत कागद.

अध्यक्ष उभे राहिले. तोटा म्हणाले नाहीत,
आव्हानात्मक वर्ष म्हणाले.
मग पडद्यावर चौकोन आले, बाण आले,
तीन चौकोनांचे दोन झाले
आणि त्याला पुनर्रचना म्हणायचं ठरलं.

कांताबेन उठल्या, माइक उलटा धरून:
भाई, डिविडंड क्यारे?
हशा पिकला.
उत्तर तेवढं आलं नाही.

मागच्या रांगेत प्रधान गप्प.
त्यांचा हेमंत दोन नंबरच्या लाइनवर
एकेक कीबोर्ड तपासायचा, अ पासून ज्ञ पर्यंत,
बोटं न थकता.
पुसलेल्या चौकोनात तो होता.

माझे दोनशे शेअर, फंडाच्या पैशातले.
चाळिसाला घेतलेले, अकरावर आलेले.
सभा संपायच्या आत सुळ्यांचा फोन थरथरला:
तीनशे माणसं कमी करणार कळल्याबरोबर
भाव पावणेतेरा.
मी मनातल्या मनात गुणाकार केला.
साडेतीनशे रुपये.
खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

बाहेर, स्कूटर तिरकी करून
पेट्रोल खाली आणता आणता
प्रधानांनी विचारलं, चढला ना?
थोडा, मी म्हणालो. त्यांच्याकडे न बघता.
चला, तेवढंच, म्हणाले,
आणि चिवड्याचं न फोडलेलं पाकीट
डिकीत ठेवलं, घरी न्यायला.

त्यांचेही शंभर आहेत.