हॉगचोकर

पटक्सेंट नदी जिथं धड गोडी नाही, धड खारी नाही,
तिथं लेम्युएल गँट जाळं ओढतो
आणि खेकड्यांच्या आधी हे वर येतात:
तळहाताहून लहान, गाळाच्या रंगाचे,
जणू तळानंच खपली काढून दिली.

लेपच तो. चिखलाला लिंपलेला.
इथं हॉगचोकर म्हणतात.
पूर्वी म्हणे जाळ्यातला नको तो माल डुकरांपुढे ओतत,
आणि याचे खरखरीत खवले त्यांच्या घशात बसत.
‘आज्याचं एक डुक्कर असंच गेलं,’ लेम्युएल सांगतो.
‘म्हातारं होतं ते,’ डेल्फीन म्हणते,
‘आणि आजा डुकरांना मासे टाकायचा कुठं?
स्वतःच खायचा.’

डेल्फीन त्याची बहीण.
चाळीस वर्षं शेडमध्ये खेकडे सोलले तिनं,
बोटं अजून मिटत नाहीत नीट.
एका हिवाळ्यात लोणच्याच्या बरणीत
तिनं यातला एक ठेवला होता, खिडकीत,
का ते तिलाही सांगता येत नाही.

तो काचेवर चढला आणि चिकटला.
मग भांडी घासता घासता तिला रोज दिसू लागली
त्याची कुणाला न दाखवायची बाजू,
फिकट, बिनडोळ्याची,
आणि एका कडेला वाकडं तोंड, उघडमीट करणारं.

तिथंही डोळा होता कधीतरी.
तांदळाएवढा असताना इतर माशांसारखाच सरळ पोहायचा.
मग डावा डोळा उठला
आणि कपाळ ओलांडून उजव्याच्या शेजारी जाऊन बसला.
डेल्फीनला तो मधला दिवस सुचतो:
डोळा नेमका माथ्यावर,
इकडचा नाही, तिकडचा नाही,
सरळ वर बघणारा.
काय दिसलं असेल?
‘बोटीचं बूड,’ लेम्युएल म्हणतो.

त्याच्या डाव्या डोळ्यात आता पडदा आलाय.
मंगळवारी दवाखाना. गाडी ती चालवणार.
त्याबद्दल दोघं बोलत नाहीत.
फक्त हल्ली तो नको ते मासे फावड्यानं लोटत नाही,
एकेक उचलून, चाचपून,
कुठली बाजू वर ते बघून सोडतो.
वेळ जातो. खेकडे तडफडतात टोपलीत.

बरणीतला तिनं मार्चमध्ये सोडला,
धक्क्याखाली, गुडघाभर पाण्यात उभं राहून.
हातावर उताणा होता तोवर हललाही नाही.
पालथा केला, तेव्हा गेला.
म्हणजे, गेला असावा.
चिखल जरासा हलला, इतकंच.