तांब्याचे खिळे

विमा कंपनीच्या अहवालात सातव्या पानावर एकच ओळ:
छपराचं आयुष्य संपत आलं आहे.
कर्ज फिटायला आम्हाला अजून एकोणीस वर्षं.

इदवाल प्रिचर्ड शिडी लावून वर गेला
आणि बोटाच्या पेरानं एकेक पाटी वाजवू लागला.
इथे तिला स्लेट म्हणतात, मी पाटीच म्हणते.
माझी पाटी दुसरीत फुटली होती, दोनदा.

खाली उभ्या उभ्या मला तो आवाज ओळखीचा वाटला.
माठ घेताना आई कुंभाराच्या दारात वाजवून बघायची, तसा.
टण्. टण्. टण्.
मग एक बद्द.
"ही गेली," तो वरून म्हणाला.
"आणि बाकीच्या?"
"बाकीच्यांना काय धाड भरलीय?"
(तो म्हणाला वेगळंच, वेल्श हेलाच्या इंग्रजीत.
पण मराठी असता, तर असंच म्हणाला असता.)

उतरून त्यानं माझ्या तळहातावर खिळा ठेवला.
खिळा कसला, गंजाची लवंग.
डोकं शाबूत, अंग झिजून सुई.
"दगड पन्नास कोटी वर्षांचा," तो म्हणाला,
आणि हनुवटीनं डोंगर दाखवला,
जिथे खाणीनं पायऱ्या पाडून ठेवल्यात
कुणी न चढण्यासाठी.
"खिळा शंभराचा. छप्पर जातं ते खिळ्यापायी."

मी बँगोरला हाडांच्या वॉर्डात आहे.
आम्हीही नातेवाइकांना असंच सांगतो:
हाड चांगलंय हो, स्क्रू सैल झालाय.

निरंजनचं म्हणणं, सिमेंटची कौलं घालू.
निम्म्या पैशांत होतं, पन्नास वर्षं जातात,
पुढे आपण कुठे असणार?
मी हिशेब केला. बरोबर होता.
तरी रात्रभर त्याच्याशी बोलले नाही.

या पाट्यांच्या मापांना नावं आहेत, आणि काय नावं:
डचेस, काउंटेस, लेडी.
आमच्या डोक्यावर बहुतेक काउंटेस,
मागच्या न्हाणीघरावर नुसत्या लेडी.
एकशे अठ्ठावीस वर्षं पंगत धरून बसलेल्या,
वरचीचा पदर खालचीच्या अंगावर,
प्रत्येकीचा थोडकाच भाग पावसाला ठाऊक.

काढलेल्या पाट्या अंगणात उभ्या रचल्या तेव्हा मी बघितलं:
उघडा भाग राखाडी, शेवाळलेला, म्हातारा,
आणि झाकला होता तिथे
जांभळट निळा, कालच फोडल्यासारखा.
"मागे कुणी काही कोरलंय का? नाव, साल?"
इदवाल हसला. "पैसे पाट्यांच्या मोजणीवर मिळायचे.
नाव कोरायला सवड कुणाला?"
तरी मी पन्नासेक उलटून पाहिल्या.
काही नव्हतं.
एकीवर गोगलगायीची चकचकीत रेघ, तीही ताजी.

मग त्यानं त्याच पाट्या पुन्हा चढवल्या,
बऱ्याचशा उलट्या करून,
नवी भोकं पाडून, तांब्याच्या खिळ्यांनी.
त्याची भाची नेस्ट खालून एकेक वर देत होती,
दर वेळी आधी पेरानं वाजवून,
आता न बघताच.
साताठ फुटल्या. त्या जागी
पाडलेल्या कुठल्याशा चॅपलच्या आल्या,
रंगानं किंचित हिरव्या.
त्या कुठे आहेत हे मला माहीत आहे.
येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवते.

बिल द्यायच्या दिवशी मी हमी मागितली.
तो बराच वेळ गप्प होता.
"पाट्या दीडशे वर्षं तरी," तो म्हणाला,
"खिळेही त्यांना पुरतील.
कागदावर मात्र दहाच लिहितो.
मी एकसष्टचा आहे, बाई."
आणि खाली सही केली,
पेन अडलं म्हणून दोनदा गिरवून.

उरलेल्या अकरा पाट्या शेडमागे उभ्या आहेत.
फेकू नका, म्हणाला, लागतील.
कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.